जांभळं नाव, हिरवी सावली

जितं गावची ऋतुजा पेणच्या कॉम्प्युटर क्लासला जायला लागली त्याला चार महिने झाले होते. आई-बाप मिठागरावर राबणारे. घरात बारावीच्या पुढे गेलेली ती पहिलीच. क्लास माधवरावांचा. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी घराच्या पुढच्या दोन खोल्यांत तो काढला आणि शिकवायला पुतण्याला, अनयला ठेवलं. इंटरनेट एकाच मशीनवर, तेही फोन लागला तर.

अनयसरांनीच तिला ती वेबसाइट दाखवली. जिल्ह्यातली मुलं तिथे गप्पा मारायची. नावाच्या चौकटीत कोड लिहिला, की नाव रंगीत उमटायचं. बाकीची नावं काळी, बारीक; ऋतुजाचं ठसठशीत केशरी, मागे निळी सावली. ती आधी वहीत स्केचपेनने नाव रंगवून बघायची, त्याखाली कोड लिहायची, मगच मशीनवर बसायची.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी क्लास सुटल्यावर ती पेण स्टेशनवर उभी होती. रोह्याकडून गाडी आली. एक माणूस उतरून सरळ तिच्यापाशी आला.

"ऋतुजा ना? मी जगन. धाटावला कंपनीत असतो. तुम्हीच बोलावलंत ना?"

त्याने घडी केलेला कागद पुढे केला. कंपनीच्या लॅबमधल्या प्रिंटरवर काढलेला. पिवळा ड्रेस, खाकी शबनम, दुपारची गाडी, सगळं त्यात होतं. वर तिचं नाव.

"प्रिंटमधे रंग नाय आला," तो म्हणाला, "पण नाव तुमचंच, केशरी."

"मी नाय लिहिलं हे."

तिचा चेहरा बघून तोच घाबरला. दोन पावलं मागे सरला. "मग जपा, ताई. कुणीतरी तुमच्या नावानं लिवतंय."

गाडी सुटता सुटता ती कशीबशी चढली. जितं येईपर्यंत तिने शबनम पोटाशी धरून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी तिने साइट उघडली. केशरी नावाने सहा निरोप होते, एकही तिचा नाही. शेवटच्यात लिहिलं होतं : घर देवळाच्या मागे, आई-बाबा दिवसभर मिठागरावर, मी एकटीच असते.

पानाचा कोड कुणालाही उघडून बघता येतो, उचलता येतो, हे तिला ठाऊक होतं. म्हणजे कुणीही असेल. ती भरदिवसा दाराला कडी लावून बसू लागली. अंगणात कोंबडी फडफडली तरी उठून कडी पुन्हा चाचपायची. सांगावं तर घरचे क्लास बंद करतील. न सांगावं तर उद्या दारात कोण उभं राहील?

पण घराचा पत्ता आणि आई-बापाचं काम फक्त क्लासच्या फॉर्मवर होतं, आणि फॉर्म सरांकडे. तो विचार मनात आला आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. तरी सोमवारी तिने वहीत नवीन नाव रंगवलं, जांभळं, हिरव्या सावलीचं. खाली कोड लिहिला. मशीनवर मात्र चढवला नाही. क्लास सुटताना वही तपासायला म्हणून सरांच्या हातात दिली.

बुधवारी स्क्रीनवर तिचं नाव जांभळं झालं होतं. सावली हिरवी.

"छान दिसतंय," मागून अनयसर म्हणाले. "कधी केलंस?"

मागे वळायचा धीर होईना. "काल," ती म्हणाली. "वही नेऊ का घरी? सराव करते."

संध्याकाळी तिने आईला, पुतळीला, सगळं सांगितलं. डोक्यावरचं फडकं सोडायचंही पुतळीला सुचलं नाही.

"उद्या मी येतंय तुज्यासंगं."

माधवरावांना पटेना. "अनय? काहीतरी गैरसमज होतोय, बाई."

पुतळीने वही उघडून स्क्रीनच्या शेजारी धरली. "मास्तर, मना वाचता येत नाय. पन ही सावली न ती सावली येकच हाय. माज्या पोरीनं ती तितं लावलीच नाय. वही कोनाकडं होती, तुमीच इचारा."

अनय आतून आला आणि हसला. "गंमत केली हो, काका. तिलाच हौस रंगांची."

माधवरावांनी ते सहा निरोप एकेक करून वाचले. देवळामागच्या घराशी थांबले. मग त्यांनी चष्मा काढून ठेवला. "चालता हो," एवढंच म्हणाले.

त्यांनी स्वतः साइटवाल्याला पत्र लिहिलं. आठवड्याने निरोप निघाले. शिकवायला दुसऱ्या बाई आल्या. अनय आपल्या घरी गेला, रोह्याला.

"क्लास सोडू का, आई?" ऋतुजाने विचारलं.

"तू कशाला सोडतीस गो?"

तिने सोडला नाही. पण रोह्याकडची गाडी पेणला लागली, की सगळी माणसं उतरेपर्यंत ती तिकीट खिडकीच्या आडोशाला उभी राहायची, आणि बायकांच्या डब्यात चढल्यावरही जितं येईतो दाराकडेच बघत असायची.