डाव्या अंगठ्याजवळचा उंचवटा

मित्रांनो, मी एक जुना कलबूत आहे. शब्द अवघड वाटला तरी काम सोपं आहे. चामड्याचा जोडा ज्या लाकडी पावलावर चढवून घडवतात, ते पाऊल म्हणजे मी. मी डावा, माझा जुळा भाऊ उजवा. पाऊल असूनही मी जन्मात एक पाऊल चाललेलो नाही, आणि तरी समुद्र ओलांडून आलो आहे. त्या प्रवासाची धास्ती अजून माझ्या लाकडातून गेलेली नाही.

मला घडवलं जोडे शिवणाऱ्या मास्तरांनी. त्यांची एक पद्धत होती. गिऱ्हाईक आलं की ते त्याच्या पावलावरून अंगठा फिरवायचे. कुठे हाड वर आलंय, कुठे घट्टा पडलाय ते हेरायचे आणि कलबुतावर नेमक्या त्या जागी चामड्याचा लहानसा तुकडा चिकटवायचे. जोडा तिथे तेवढाच सैल व्हायचा. काम झालं की तुकडा खरवडून काढायचा, हा नियम. माझ्यावरचा तुकडा मात्र कधी निघालाच नाही. पोस्टमनकाकांच्या डाव्या अंगठ्याजवळ हाड वर आलं होतं, त्याच्यासाठी तो होता. काका जोडे इतके झिजवायचे, की पुन्हा पुन्हा चिकटवण्यापेक्षा असू दे, असं मास्तरांना वाटे.

"मास्तर, जोडा घातलाय हेच विसरायला होतं बघा," काका म्हणायचे, आणि मी मनातल्या मनात फुगायचो.

मग सरकारनं परदेशी मालावरचा कर उतरवला. बंदरात भली थोरली जहाजं लागू लागली आणि बाजारात जोड्यांचे ढीग आले. आमच्याकडे नुसतं चामडं ज्या किमतीला यायचं, त्याहून कमी किमतीत अख्खा जोडा! लोकांना तरी काय बोल लावणार? ज्यांची मुलं अनवाणी शाळेत जायची, त्यांच्याही पायांत जोडे आले. खोटं कशाला बोलू? पण समोरचा, जोड्यांचे तळवे कापून देणारा, धंदा गुंडाळून गेला. शेजारच्या चामडेवाल्याचं दार बंद झालं. पूर्वी मास्तर मान वर न करता नुसत्या पावलांच्या आवाजावरून सांगायचे, बाहेरून कोण चाललंय. आता सगळ्यांची पावलं सारखीच वाजू लागली.

एके दिवशी मास्तरांच्या मुलीनं एक फॉर्म आणला. परदेशातल्या कारखान्यात जाण्याचा.

"बाबा, इथे काय राहिलंय आता?"

"मी आहे की," मास्तर म्हणाले. तिनं फॉर्म त्यांच्यापुढे सरकवला. तिची आई नव्हती, आणि हीसुद्धा गेली तर घरात हाक मारायलाही कुणी उरणार नव्हतं.

तेवढ्यात कोट घातलेला एक व्यापारी आला. त्याला आमच्या जोड्याची ठेवण आवडली. "तुमचा सर्वांत चांगला कलबूत द्या. आमच्या तिकडच्या कारखान्यात त्यावरून माल काढू. खपला, तर जोड्याच्या वरच्या भागाचं शिवणकाम सगळं तुमच्याकडे."

"म्हणजे हिला जायला नको?" मास्तरांनी मुलीकडे बघत विचारलं.

"कशाला जायचं? इथेच हात पुरणार नाहीत."

मास्तरांचा हर्ष गगनात मावेना. त्यांनी घाईघाईनं आम्हा दोघा भावांना पुसलं, कापडात गुंडाळलं आणि दिलं. डोळ्यांना सवयीचा झालेला तो तुकडा त्यांना दिसलाच नाही. मी ओरडून सांगायला हवं होतं, पण लाकडाला कुठलं तोंड?

तिकडची शेड इतकी लांबलचक होती, की पलीकडची भिंत दिसेना. यंत्रानं माझ्या अंगावरून लाल उजेड फिरवला आणि बघता बघता माझ्यासारखी हजारो निळी प्लॅस्टिकची पावलं पट्ट्यावरून सरकू लागली. प्रत्येक डाव्याला तोच उंचवटा! माझं धाबं दणाणलं.

डिंक लावणाऱ्या एका मुलीनं त्या जागेवरून अंगठा फिरवला, अगदी मास्तरांसारखा. भाषा तिची वेगळी होती, पण लाकडाला सगळ्या भाषा सारख्याच.

"साहेब, डावा जरा फुगीर लागतोय."

"नमुन्यात आहे ना? मग तसाच काढ. बोलत बसलीस तर माल मागे पडेल, आणि मालक कारखाना उचलून आणखी स्वस्त देशात नेतील. घरी बसायचंय का?"

तिनं मान खाली घातली. मला वाटलं होतं, स्वस्त माल काढणाऱ्या इथल्या लोकांना मास्तर भितात. इथले लोक तर आणखी कुणाला तरी भीत होते.

काही महिन्यांनी खोकं परत आलं. आणलं पोस्टमनकाकांनीच. आत आम्ही दोघे भाऊ, एक नवा जोडा आणि चिठ्ठी. काकांनी गंमत म्हणून जोडा पायात घातला आणि खो खो हसले. "अहो मास्तर, डावा कसा माझ्या मापाचा! सातासमुद्रापार माझा अंगठा पोहोचला की!"

मुलगी चिठ्ठी वाचत होती. डावा अंगठ्याजवळ सैल पडतो म्हणून हजारो जोडे परत आले होते. काम रद्द. काकांचं हसू मास्तरांचा चेहरा बघून जागच्या जागी विरलं.

त्या दुपारी मास्तरांनी सुरी घेतली. माझा तुकडा खरवडला. मग भिंतीवरचे सगळे कलबूत एकेक करून काढले, कुठे कण राहिला असेल तर तोही तासला. मुलगी म्हणाली, "बाबा, पुरे." ते थांबले नाहीत. स्वतःच्या हातांचीच त्यांना भीती बसली होती.

पुढच्या आठवड्यात ती त्या परदेशातल्या कारखान्यात जायला निघाली. पायांत बाजारातले नवे जोडे होते. उंबरा ओलांडताना ती किंचित लंगडली.

"थांब, टाचेला लागतंय का? बघू दे."

"काही नाही बाबा, गाडी सुटेल."

मास्तर हात पुढे करून तसेच ओणवे राहिले, आणि ती वळणापलीकडे दिसेनाशी झाली.

मित्रांनो, जग जवळ आलं म्हणतात. येऊ दे. तुमच्या पायांत दूरच्या देशातला जोडा असेल, तर तोही जपून वापरा. त्याला कुणाच्या तरी घाबरलेल्या बोटांनी डिंक लावलाय. पण जोडा बोचला, तर आपल्या पायाला दोष देऊ नका. बोचतंय, असं मोठ्यानं सांगा. आणि कुणी दुसरा सांगत असेल, तर गाडी सुटली तरी चालेल, खाली बसा आणि त्याचा पाय हातात घ्या.