वीस तुकड्यांची पैज

"हरलीस तर उलट्या बादलीवर चढून तीनदा आरवायचं. फाटकाबाहेर, सगळ्यांदेखत!" चष्मेवाल्याने अट घातली.

"आणि तू हरलास तर?" अक्काने हातमोजे चढवले.

"मी आरवेन. तसाही माझा गळा जास्त गोड आहे."

दोघं एकाच जिन्यावर राहायची आणि भंगार प्लास्टिकच्या एकाच गोदामात कामाला होती. अठरा वर्षं अक्का तुकडा वाकवून, नखाने ओरबाडून, टिचकी मारून त्याचा प्रकार सांगत आली होती. चष्मेवाल्याच्या हाती कालच एक यंत्र आलं होतं. त्याचं तोंड तुकड्याला टेकवायचं. ते न दिसणारा उजेड सोडतं, परत आलेला मोजतं आणि पडद्यावर नाव दाखवतं. आता अक्काला ठेवायचं की नाही, हे मालकीणबाई आज ठरवणार होत्या.

त्यांनीच वीस तुकडे मांडले आणि प्रत्येकावरच्या प्रकाराच्या शिक्क्यावर चिकटपट्टी लावली.

चष्मेवाल्याने यंत्र आधी पांढऱ्या चकतीवर टेकवलं.

"त्याला चूळ भरायला लागते का रे?"

"पांढरं म्हणजे किती पांढरं, ते आधी दाखवावं लागतं."

मग यंत्र सुटलंच. डबा, झाकण, पाइप. अक्काने टिचकी मारेपर्यंत पडद्यावर नाव हजर. फक्त तीन काळ्या तुकड्यांवर पडदा कोराच राहिला. त्याने तुकडा पुसला, दाबून धरला, पुन्हा चकती दाखवली.

"काळा रंग उजेड गिळतो गं. परत काही येतच नाही."

"मग गोडीत विचार त्याला," म्हणत अक्काने तुकडा कानाशी वाजवला आणि नाव सांगितलं. तिन्हींचं.

पट्ट्या सोलल्या. यंत्र सतरा, अक्का सोळा. तिन्ही काळे तिचे बरोबर होते. पांढऱ्या डब्यांनी तिला दगा दिला होता.

"बरोबरी म्हणू या, अक्का," चष्मेवाला हळूच म्हणाला.

"का? सोळाच्या पुढे तुला मोजता येत नाही?"

मालकीणबाई तीन काळे तुकडे घेऊन दारात उभ्या होत्या. बाहेर गाड्यांचे बंपर, टीव्हीच्या पाठी, कुंड्या. अर्धाअधिक ढीग काळाच होता.

"अक्का, उद्या त्या ढिगापासून सुरू करा."

"करते. आधी हे निस्तरते."

फाटकाबाहेर गल्ली जमलीच होती. अक्काने पदर खोचला आणि ती बादलीवर चढली. चष्मेवाला खाली बसून दोन्ही हातांनी बादली धरून राहिला. पहिलं आरवणं घशातच अडकलं. दुसऱ्याला एक कुत्रं भुंकलं. तिसऱ्यांदा तिने छाती भरून श्वास घेतला.