कोठीच्या दाराची कडी

स्वयंपाकघर नवं करायचं ठरलं की घरातला प्रत्येकजण स्वयंपाकी होतो. ज्याने जन्मात कधी चहाचं आधण ठेवलेलं नसतं, तोसुद्धा शेगडी कुठे असावी यावर तासभर बोलतो. त्या सकाळी त्या घरात तेच चाललं होतं. जेवणाच्या टेबलाभोवती सासूबाई, त्यांचा धाकटा मुलगा आणि धाकटी सून बसली होती. मधोमध कागद पसरून आराखडेवाल्या बाई बसल्या होत्या. आणि थोरली सून चहाचे कप भरून आणत होती. ती थोरल्याची विधवा. धाकट्याचं ऐकून ऐकून तिला घरात सगळेच, अगदी सासूबाईसुद्धा, वहिनी म्हणत.

"सिंक खिडकीखाली हवं हं," धाकटी म्हणाली. "भांडी घासताना बाहेर बघता येतं."

"तू कधी घासलीस?" धाकट्याने चिडवलं.

सगळे हसले. वहिनीही हसल्या. भांडी त्याच घासत असत.

आराखडेवाल्या बाईंनी पेन्सिलीने काटकोनातला ओटा काढून दाखवला. फ्रिजमधून काढायचं, सिंकपाशी धुवायचं, शेजारी चिरायचं आणि पुढे शेगडीवर टाकायचं. या क्रमाने जागा मिळाल्या की पायांची वणवण थांबते, असं त्यांनी समजावलं. मग टेप काढून त्या उठल्या. "ओटा स्वयंपाक करणारीच्या कोपराच्या जरा खाली यायला हवा. रोज ओट्यापाशी कोण उभं राहतं?"

"आमच्यात तसं काही नाही. सगळ्याच करतो," सासूबाई म्हणाल्या, आणि धाकटी कोपर दुमडून ऐटीत उभी राहिली.

बाईंनी माप घेतलं. पण ओट्याखाली एक लाकडी फळी होती, मध्यभागी झिजून गुळगुळीत झालेली, आणि त्यांची नजर तिच्यावर गेली. "ही कोणाची?"

"माझी," वहिनी म्हणाल्या. "मी बुटकी, मला ओटा उंच पडतो. पण तुम्ही उंचच करा हो. फळी आहे ना."

बाईंनी वहिनींचंही माप घेतलं. ते धाकटीच्या मापाशेजारी लिहिलं गेलं आणि तिथेच राहिलं, कारण उंच ओटाच छान दिसतो हे सर्वांना पटलेलं होतं.

खरा प्रश्न जागेचा होता. धाकटीला मोकळं स्वयंपाकघर हवं होतं. दिवाणखान्याकडची भिंत काढायची, दार नकोच. दुसऱ्या बाजूला कोठीची खोली होती. तीही भिंत पाडली की तिथे फ्रिज, उंच कपाट आणि ओव्हन ओळीने बसणार होतं. "कोठी म्हणजे नुसती अडगळ," धाकटा म्हणाला. बाई टेप घेऊन कोठीत गेल्या आणि दारातच थबकल्या.

डब्यांच्या फळ्यांखाली गादीची वळकटी होती. खिळ्याला हातभर आरसा, त्याच्याखाली कंगवा, पेल्यात दात घासायचा ब्रश. दोरीवर चार कपडे. एका डब्याला टेकवून थोरल्याचा फोटो उभा केलेला होता.

"इथे कोण झोपतं?"

टेबलापाशी एकदम सगळ्यांना चहा प्यावासा वाटला. मग सासूबाई म्हणाल्या, "ती आपली तात्पुरती सोय आहे."

तात्पुरत्या सोयीइतकं टिकाऊ या जगात काही नाही. थोरला गेला तेव्हा वहिनींची खोली वर होती, खिडकीतून झाड दिसणारी. एकट्या बाईला एवढी खोली काय करायची, असं कोणीतरी म्हणालं. कोण म्हणालं ते आता कोणालाच आठवत नव्हतं. आधी त्या खोलीत धाकट्याचं लग्नाचं सामान आलं, पुढे नातीचा पाळणा आला, आणि आता ती नातीची अभ्यासाची खोली होती. वहिनी खाली आल्या त्या स्वयंपाकघराला सोयीच्या म्हणून. माहेरी कोणी उरलं नव्हतं आणि हाताशी कमाई नव्हती, त्यामुळे त्यांना विचारायची गरज कोणाला वाटली नाही.

ही माणसं दुष्ट असती तर मला लिहायला सोपं गेलं असतं. ती दुष्ट नव्हती. वहिनींना ताप आला तर डॉक्टर यायचा. नवे कपडे मिळायचे. पाहुण्यांपुढे सासूबाई सांगायच्या, "आमच्या वहिनी म्हणजे घराचा खांब." खांबाला अंथरूण लागत नाही, एवढंच काय ते.

"मग भिंत पाडल्यावर त्या कुठे जाणार?" बाईंनी विचारलं.

"होईल हो काहीतरी. घर काय लहान आहे का?" धाकटा म्हणाला.

घर लहान नव्हतंच. बाईंनी एकेक खोली विचारली. वरची? तिथे मुलीचा अभ्यास. जिन्याशेजारची? ती पाहुण्यांची, वर्षातून दोनदा का होईना, पाहुणे येतात, त्यांना काय रस्त्यावर झोपवायचं? सासूबाईंच्या खोलीत? सासूबाईंची झोप सावध, कोणाच्या कूस बदलण्यानेही त्यांना जाग येते. असं करत करत सगळं घर संपलं.

बाईंनी वहिनींकडे पाहिलं. "तुम्हाला काय हवंय, वहिनी?"

असा प्रश्न त्यांना इतक्या दिवसांत कोणी विचारला नव्हता, त्यामुळे त्यांनी आधी पदराला हात पुसले. "मला काही नको हो. फक्त... या दाराला आतून कडी आहे. रात्री ती लावली की कसं, बरं वाटतं. तेवढं कुठे जमलं तर."

बाई तो कागद घेऊन गेल्या आणि पुढच्या खेपेला नवा आराखडा घेऊन आल्या. त्यात कोठी होती तशीच होती, शिवाय तिला एक खिडकी दिलेली होती. फ्रिज सिंकच्या बाजूला सरकवला होता, ओव्हन उंच कपाटात बसवला होता. कामाला जागा मुबलक होती. फक्त दिवाणखान्यातून दिसणारी कपाटांची ओळ जरा आखूड झाली होती.

धाकटीचा चेहरा पडला. "पण मॅडम, मग त्यात मजा काय राहिली?"

धाकटा जरा आवाज चढवून म्हणाला, "तुम्हाला स्वयंपाकघर सांगितलंय, घर नाही. आमचं आम्ही बघू. उंच कपाटाखाली एक मोठा खण काढा. वहिनींची गादी दिवसा त्यात जाईल. रात्री खालीच तर टाकायची आहे."

"ओटा आणि कपाटांमधल्या वाटेत? पाणी प्यायला येणारा त्यांना ओलांडून जाणार? आणि तुमच्या आराखड्यात तर दारही नाही." बाईंनी कागद गुंडाळला. "हे मी काढणार नाही."

त्या फाटकापर्यंत पोचल्या असतील नसतील, तोच मागून वहिनी धावत आल्या. हात पिठाने भरलेले होते.

"बाई, काढून द्या हो तो खण."

"वहिनी, तुमच्यासाठीच तर भांडतेय मी."

"ते कळतंय मला. पण तुम्ही गेलात तर दुसरा कोणी येईल. त्याला गादीचं कोण सांगणार? मी तर नाही सांगू शकत. मग तेवढाही खण जायचा." वहिनींनी मागे वळून घराकडे पाहिलं आणि आवाज आणखी खाली आणला. "तुम्हाला माझं माप माहीत आहे."

भांडावं तर जिच्यासाठी भांडायचं तिचंच नुकसान, आणि गप्प बसावं तर आपण त्यातले एक. इकडे आड, तिकडे विहीर. आपल्या घरी जाऊन बाईंनी आराखड्यात खण काढला. त्यांच्या हाती होतं तेवढंच त्यांनी केलं: खण जरा रुंद धरला, म्हणजे गादीशिवाय आणखी चार वस्तू राहतील.

सुतार आला, भिंती पडल्या. कोठीचं दार काढताना वहिनींनी त्याच्याकडे जुनी कडी मागून घेतली. "कशाला हवीय?" त्याने विचारलं. "राहू दे, असावी," त्या म्हणाल्या.

स्वयंपाकघर पुरं झालं तेव्हा धाकटीने मैत्रिणींना चहाला बोलावलं आणि कौतुकाने आराखडेवाल्या बाईंनाही. ओटा आरशासारखा चकाकत होता. वहिनी फळीवर उभ्या राहून चहा गाळत होत्या. मैत्रिणी एकेक कप्पा उघडून बघत होत्या. इथे चमचे, इथे तेलाच्या बाटल्या, इथे कचऱ्याचा डबा, अगंबाई! त्यांतल्या एकीने वाकून उंच कपाटाखालचा खण ओढला. खण सुरेख होता, हलक्या हाताने पूर्ण बाहेर आला. गादी, उशी, आरसा, कंगवा, उलटा ठेवलेला एक फोटो आणि एक गंजकी कडी.

धाकटीच्या तोंडचं पाणी पळालं. सासूबाईंना ठसका लागला. घराची लाज वाचवायला सर्वांत आधी धावल्या त्या वहिनी. गाळणं हातात तसंच धरून त्या फळीवरून उतरल्या आणि म्हणाल्या, "ती आपली जुनी फडकी आहेत हो, पुसायबिसायची."

आता मात्र बाईंना राहवेना. "फडकी नाहीत ती," त्या सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "ते वहिनींचं अंथरूण आहे. या घरात त्यांना खोली नाही. त्या इथे खाली, या वाटेत झोपतात."

बाईंना वाटलं, बोललं गेलं एकदाचं, आता निदान कोणाची तरी मान खाली जाईल.

खण ओढलेली मैत्रीण गुडघ्यांवर बसून तो आतबाहेर करून बघत होती. "काय छान युक्ती आहे!" ती म्हणाली. "आमच्याकडे ह्यांच्या आत्या आहेत ना, त्यांचं अंथरूण सदानकदा दिवाणखान्यात पडलेलं असतं. चारचौघांत किती वाईट दिसतं ते. मॅडम, आम्हालाही अस्सा एक खण काढून द्या." मग तिने कडी उचलून उलटसुलट केली. "ही बसवायची राहिलीय वाटतं. आमच्याला नको हं. अंथरुणाला कडी कशाला लागते?"

सगळ्या खळखळून हसल्या, सुटल्यासारख्या. वहिनींनी तिच्या हातातून कडी अलगद काढून घेतली, उशीखाली ठेवली आणि पायाने खण आत लोटला.

"चहात साखर कोणाकोणाला?" त्यांनी विचारलं.

आराखडेवाल्या बाई अजून स्वयंपाकघरंच आखतात. पण आता टेप काढण्याआधी, ओट्याची उंची विचारण्याआधी, त्या घरात कोण कुठे झोपतं ते विचारतात. लोक म्हणतात, बाई जरा विक्षिप्त आहे, हिला आमच्या झोपण्याशी काय करायचंय? तरी त्या उत्तर मिळेपर्यंत कागद उलगडत नाहीत. हा प्रश्न त्यांनी अजून तुमच्या घरी येऊन विचारलेला नाही.