दाराला लावलेला वरवंटा

आमच्या घरात रविवारची उपासना कुणी चुकवत नाही. नगरला मी बाळंतपणाचा सव्वा महिना तेवढा घरी बसले असेन. इकडे परदेशात एनिसला लेकाकडे आले तेव्हाही आधी विचारलं, देऊळ कुठंय? आम्ही ख्रिस्ती माणसं चर्चला देऊळच म्हणतो. अशा घरातली माझी सून निशिगंधा रुवांडाहून परत आल्यापासून देवळात बसेना.

गेली होती देवाच्याच कामाला. नर्स आहे ती. इथल्या मंडळीतले काहीजण तिकडच्या दवाखान्यात मदतीला आणि प्रार्थनेला निघाले, त्यात ही सगळ्यात पुढं. मी लाडू बांधून दिले. जाताना भजनं गुणगुणत गेली आणि आली ती मुकी होऊन. रविवारी साडी नेसून देवळापर्यंत यायची. पण दारावरचा म्हातारा मायकल गारठा नको म्हणून दार ओढून घ्यायचा, आणि तो खटका वाजला की ही मागच्या मागं बाहेर, गाडीत जाऊन बसायची.

मंडळी विचारायला लागली. माझा लेक शैलेंद्र म्हणाला, "आई, तिला जरा वेळ दे."

"वेळ दिला की रे. लोकांना काय देऊ?"

शेवटी स्वयंपाकघरात तिला गाठलं. मी चटणी वाटत होते. वरवंटा मी नगरहून बॅगेत आणलाय. पाटा वजनात बसला नाही, म्हणून फरशीच्या तुकड्यावर वाटते.

"देवाशी भांडलीस की मंडळीशी?"

"कुणाशी नाही, आई."

"मग गाडीत बसून कुणाची उपासना करतेस? हीटरची?"

ती हसली नाही. खाली बघत म्हणाली, "तिथं एक देऊळ आहे. चौऱ्याण्णव साली कत्तल सुरू झाली तेव्हा माणसं त्यात शिरली. देवाच्या घरात कोण मारणार, म्हणून. दार लावून घेतलं. आणि मारणारे तिथंच आले. बाकांवर अजून त्यांचे कपडे ठेवलेत. एक फ्रॉक आपल्या ईशानीच्या मापाचा होता."

ईशानी माझी नात. माझा हात थांबला.

"एका बाईचं सगळं घर त्यात गेलं. ती शेजारच्या नव्या देवळात दर रविवारी जाते. मी विचारलं, कसं बसवतं तुम्हाला? म्हणाली, दार उघडं असतं म्हणून. ते मिटू नये म्हणून दाराला धोंडा कोण लावतं माहितीय? त्या मारणाऱ्यांतलाच एक. तुरुंगातून सुटून आलाय. सगळ्यांच्या आधी येतो, धोंडा लावतो आणि मग आत बसतो."

"त्या बाईनं क्षमा केली त्याला?"

"तेच विचारलं. म्हणाली, ते मला अजून कळलेलं नाही. धोंडा आहे ना ते बघते आणि आत जाते."

क्षमेवर मी जन्मभर उपदेश ऐकलेत. त्यात धोंडा कधी आला नव्हता. मी बोलत नाही म्हटल्यावर निशिगंधाच घाबरली.

रविवारी वरवंटा धुतला, टॉवेलात गुंडाळला आणि पिशवीत घातला. देवळात सगळ्यांच्या आधी पोचले आणि दाराला लावला. मायकल धावत आला. तो इंग्रजीत बोलला, मी मराठीत. दोघंही हटेनात, तेव्हा निशिगंधाला मध्ये पडावं लागलं.

"आई, ते म्हणतायत म्हाताऱ्या माणसांना वारा लागतो."

"मी काय तरणी आहे? शाली पांघरा म्हणावं."

"असं कसं सांगू?"

"मग खरं सांग."

तिनं सांगितलं. हळूहळू, थांबत थांबत. मायकल ऐकत राहिला, मग वरवंट्याकडे बघून म्हणाला, "ग्रँड." इथं पटलं तरी ग्रँड, नाही पटलं तरी ग्रँड, म्हणून मी काही विश्वास ठेवला नाही.

आम्ही शेवटच्या बाकावर बसलो. भजनाच्या मध्येच वारा सुटला, दार हललं, वरवंटा घरंगळला. मायकल उठला. आता हा दार लावणार म्हणून मी चार शब्द तयारच ठेवले होते. तो गुडघ्यावर हात टेकून वाकला, वरवंटा दाराखाली घट्ट सारला आणि जागेवर जाऊन बसला. निशिगंधा त्याच्याकडे बघत होती.

प्रार्थनेला सगळ्यांनी डोळे मिटले. तिचे दाराकडे होते, माझे तिच्याकडे. ती भजन गायली नाही. प्रभुभोजनाची भाकर घ्यायला पुढं गेली नाही. पण उठून बाहेरही गेली नाही.

वरवंटा आता तिथंच असतो. आम्ही पोचायच्या आत मायकल लावून ठेवतो. मी चटणी मिक्सरवर करते. शैलेंद्र म्हणतो, चव तीच आहे. त्याला काय कळतंय चटणीतलं.