कलम सात-अ

लिहून देणार: आमचे घरमालक.
लिहून घेणार: माझी बायको, धंदा शिवणकाम.

म्हणजे विकणारा आणि विकत घेणारी. खरेदीखतात असंच लिहितात. मी नुसता साक्षीदार.

कलम ४. सदर मिळकतीवर कोणताही बोजा नाही.

"बोजा म्हणजे?" तिने विचारलं.

"खोली कुठे गहाण नाही, तिच्यावर कुणाचा दावा नाही," दस्त लिहिणारे काका म्हणाले.

"बरं. पुढे."

(कलम ५ आणि ६. मला डुलकी लागली.)

कलम ७. चतुःसीमा, म्हणजे खोलीच्या चार बाजूंना काय आहे ते. पूर्वेस लिहून देणार यांचे अंगण. पश्चिमेस त्यांचेच गोदाम. दक्षिणेस शेजाऱ्यांची भिंत. उत्तरेसही भिं

"थांबा."

अकरा वर्षं ती त्या खोलीत भाड्याने शिवतेय. आधी कागदावर आखल्याशिवाय कात्री उचलत नाही. तिने पिशवीतून खाकी कागद काढला, खडूने चौकोन आखला आणि चारही बाजूंना काकांनी वाचलेलं लिहिलं.

"यात वाट कुठाय?"

घरमालक हसले. "अहो वहिनी, अंगणातूनच तर येता रोज!"

"भाडेकरू म्हणून येते. उद्या तुम्ही अंगण दुसऱ्याला विकलंत तर? झगा चारही बाजूंनी शिवलाय. डोकं कुठून घालू?"

मी तिच्या कानाशी लागलो. "अगं, कर ना सही. माणूस चांगला आहे."

"माणूस चांगलाच आहे. कागद अपुरा आहे."

काकांनी चष्मा काढला. "दुसऱ्याच्या जागेतून जाण्यायेण्याचा हक्क. वहिवाटीचा हक्क म्हणतात त्याला. राहिला खरा माझ्याकडून."

"मग घाला."

"आणि मी नाही म्हटलं तर?" घरमालकांचा आवाज बदलला. "मला दुसरं गिऱ्हाईक तयार आहे."

तिने पेनाला टोपण लावलं. खाकी कागदाची घडी केली. ही खोली गेली, तर अकरा वर्षांची गिऱ्हाइकं कुठे शोधत फिरणार तिला?

ती उठली.

"बसा हो वहिनी! तीन फूट वाट देतो."

"चार. शिवणाचं टेबल आडवं न्यावं लागतं."

"मी असताना कोण अडवतंय तुम्हाला?"

"तुम्ही नसाल तेव्हाचं लिहा."

कलम ७-अ. लिहून घेणार व त्यांचे वारस यांना सदर खोलीत जाण्यायेण्यासाठी पूर्वेकडील अंगणातून चार फूट रुंदीची वाट कायमची राहील. अंगण कोणासही विकले तरी.

ते शेवटचं वाक्य तिचं.

नोंदणी अधिकाऱ्यांनी नेहमीप्रमाणे मान वर न करता विचारलं, "समजून सही करताय ना?"

"सात-अ तर मीच बेतलंय," ती म्हणाली आणि सही केली.

अधिकाऱ्यांनी आता मान वर केली. रांगेतल्या लोकांनीही वळून पाहिलं.

"माझी बायको," मी म्हणालो. कुणी विचारलं नव्हतं.