शिडीवाल्यांचा सायकल-संघ

नवरा गेल्यावर एलिदा वेत्तोरेल यांच्या पदरात दोन गोष्टी पडल्या. एक ॲल्युमिनियमच्या शिड्यांचा कारखाना आणि दुसरा व्यावसायिक सायकलपटूंचा संघ. कारखाना त्यांच्या ओळखीचा होता. लग्नाआधी त्या तिथंच पायऱ्यांना रिबिटं ठोकायच्या कामाला होत्या. संघातलं मात्र त्यांना काही कळत नव्हतं, म्हणून तो विकून टाकायचं त्यांनी जवळजवळ ठरवलंच होतं. पण त्या वसंतात एका शर्यतीला गेल्या, घाटाच्या वळणावर घडीची खुर्ची टाकून बसल्या, आणि छातीवर पिवळ्या शिडीचं चित्र असलेली ती हडकुळी पोरं धापा टाकत समोरून गेली. बाईंचा जीव त्यांच्यात अडकला तो अडकलाच.

मग दर रविवारचा नेम झाला. पाव, सलामी, वाइनची बाटली, खुर्ची. शर्यत संपली की त्या गाडीपाशी जाऊन पोरांना खडसवायच्या, "अरे, काय ही हाडं! आया जेवायला घालत नाहीत का?" पोरं हसायची. संघ जिंकत होता. रेन्झो दा रोंक हा संघाचा व्यवस्थापक. स्वतः जुना सायकलपटू, बाईंच्या नवऱ्याचा दोस्त. बारा महिने उन्हात रापलेला, शर्टाला कायम कडक इस्त्री. कारखान्याच्या खाणावळीत विजयाचे फोटो लावायला भिंत पुरेना, तेव्हा बाईंनी खुशीनं दुसरी भिंत रंगवून घेतली.

पुढच्या वर्षीच्या इटलीच्या फेरीत, तीन आठवड्यांच्या त्या मोठ्या शर्यतीत, मे महिन्यातल्या एका सकाळी तपासनीसांनी रक्त तपासलं आणि ईवो चेस्कोनला घरी पाठवलं. ईवो चोविशीचा, घाटात संघाच्या म्होरक्यांसाठी पुढं राहून वारा अंगावर घेणारा. त्याच्या रक्तात तांबड्या पेशी नियमापेक्षा कितीतरी जास्त निघाल्या, आणि अशा पेशी आपोआप वाढत नाहीत, हे शर्यतीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

तासाभरात रेन्झोचा फोन आला. "बाई, एक नासका निघाला. आजच काढून टाकतो. पत्रकारांना दोन ओळी देऊ, त्यानं परस्पर केलं, संघाला पत्ता नव्हता. विषय संपला."

"त्याच्याशी बोललात?"

"त्यात बोलायचं काय?"

"मग मी बोलते," म्हणून बाईंनी फोन ठेवला आणि गाडी काढली.

पियावे नदीपलीकडे ईवोचं घर. त्याची आई जेम्मा अंगणात मटार सोलत बसली होती आणि शेजारी ईवोही खाली मान घालून शेंगाच सोलत होता. बाईंना बघून तो उभा राहिला. जेम्मा उठली नाही.

"काढून टाकायला आलात तर आधी जेवा," ती म्हणाली. "उपाशीपोटी कुणाला काढू नये."

"मला सगळं ऐकायचंय," बाई म्हणाल्या आणि तिच्याच बाकावर बसून त्यांनीही मूठभर शेंगा ओढल्या.

ईवो शेंगांकडे बघतच म्हणाला, "डॉक्टर इंजेक्शनांची थंड पेटी घेऊन यायचा. हॉटेलात एकेकाला खोलीत बोलवायचे. दार रेन्झोच उघडायचा. म्हणायचा, डॉक्टर सांगतील तसं कर, प्रश्न विचारू नको."

"आणि नाही म्हणालं तर?"

"आपल्या संघातला लुचो नाही म्हणाला होता, त्याला घरी बसवलं. तुम्ही विचारलंत ना मागं, लुचो कुठं दिसत नाही म्हणून? रेन्झो तुम्हाला म्हणाला, त्याला घरची आठवण येते."

बाईंना ते आठवलं. लुचोच्या घरी त्यांनी तेव्हा चीज पाठवलं होतं.

"मला सांगायचा, जीवनसत्त्वं आहेत," जेम्मा म्हणाली. "आणि घरी आला की रात्री उठून जिन्यावर वरखाली करायचा. मी विचारलं तर म्हणे, रक्त घट्ट झालंय, झोपेत काळीज थांबायला नको. बाई, मी त्याला जन्म दिला तेव्हा त्याचं रक्त चांगलं पातळ होतं."

यावर ईवोलाच हसू फुटलं, आणि मग त्याचे डोळे भरून आले. बाईंनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "हे बघ, तुझा दोष तुझ्यापाशी. सुईसाठी दंड तूच पुढं केलास. त्याची शिक्षा होईल ती भोग. पण तू एकटा नव्हतास, हे मी सगळ्यांसमोर सांगेन."

जेम्मानं मटार घातलेला पातळसर भात केला. बाई दोनदा वाढून घेऊन जेवल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रेन्झोला फेरीतून कारखान्यात बोलावून घेतलं. तो आला तोच वैतागलेला.

"शर्यत अर्ध्यावर सोडून आलोय, बाई."

"डॉक्टरला कोण आणायचं?"

रेन्झो खुर्ची ओढून बसला. "एलिदाबाई, सगळेच घेतात. मी पोरांना तसंच सोडलं असतं तर ती गल्लीबोळातून कुणाकडूनही घेऊन मेली असती. माझ्याकडे निदान डॉक्टर तरी होता. आणि जबरदस्ती कुणावर केली नाही. ज्यानं त्यानं आपल्या मर्जीनं घेतलं."

"लुचोची मर्जी कुठं गेली?"

रेन्झो शर्टाची बाही सरळ करायला लागला.

"आपल्या शिडीची पायरी तुटून कुणी पडला, तर आपण काय म्हणतो? पायरीनं परस्पर केलं, कारखान्याला पत्ता नव्हता?"

"तुमचा नवरा असा बोलला नसता," रेन्झो म्हणाला. आता त्याचा आवाज चढला होता. "मी त्याला सांगायला गेलो होतो, याच खोलीत. तो म्हणाला, रेन्झो, मला कप दाखव, कसा आणलास ते सांगू नकोस."

बाई खिडकीपाशी गेल्या. हे खोटं आहे, असं म्हणायचं त्यांच्या अगदी ओठावर आलं होतं. पण ते शब्द नवऱ्याचेच होते. त्याची ढबसुद्धा रेन्झोनं बरोबर उचलली होती. बिलांचं असो, पोराच्या शाळेचं असो, तो नेहमी असंच म्हणायचा. आणि त्यांनी तरी काय केलं होतं? भिंत रंगवून घेतली होती.

"तुम्ही आजपासून येऊ नका," त्या म्हणाल्या. "डॉक्टरही नको. संघ फेरीतून परत बोलावते. आणि मी सरकारी वकिलांकडे जाणार आहे, तेव्हा तुम्ही स्वतःहून आधी गेलात तर बरं दिसेल."

"संघ बुडेल, बाई."

"बुडू दे."

पत्रकारांना त्यांनी खाणावळीतच बसवलं, फोटोंच्या भिंतीपुढं. भाषण करायचं त्यांना माहीत नव्हतं. रिबिटांच्या यंत्राशेजारी बोलतात तशा त्या मोठ्यानं बोलल्या. पोरांनी औषध घेतलं, ते व्यवस्थापकानं आणवलं, माझ्या नवऱ्यानं तिकडं डोळेझाक केली आणि मी कप मोजत बसले. एका चुरचुरीत पत्रकारानं विचारलं, "म्हणजे या सगळ्याला जबाबदार नेमकं कोण?" बाई म्हणाल्या, "ज्याच्या हातात संघाची किल्ली, तो. सध्या ती माझ्या हातात आहे. लिहा." त्यानं लिहिलं.

पुढं व्हायचं ते झालं. निम्मे सायकलपटू दुसरीकडे गेले. दंड भरावा लागला. इटलीच्या फेरीच्या आयोजकांनी दोन वर्षं संघाला बोलावलं नाही. गावातले काही लोक म्हणाले, बाईनं मेलेल्या नवऱ्याचं नाव घालवलं. बाई कबरीवर फुलं घेऊन गेल्या तेव्हा त्याच्याशी जरा भांडल्याही आणि मन मोकळं करून घरी आल्या. रेन्झोला न्यायालयानं सायकलच्या धंद्यातून कायमचं बाहेर काढलं. आता तो समुद्राकाठी छत्र्या भाड्यानं देतो म्हणतात.

ईवोनं बंदीचा काळ कारखान्यात काढला. तिथं त्यानं इतक्या पायऱ्या वाकड्या बसवल्या की मुकादम हात जोडून म्हणाला, "बाई, याला पुन्हा सायकलवर बसवा." लुचोला बाई स्वतः जाऊन घेऊन आल्या. आधी तो तयार नव्हता. "तुम्हाला आत्ता कळलं होय?" असं तोंडावर म्हणाला, आणि बाईंनी ते ऐकून घेतलं. आता संघ तोच सांभाळतो. संघ छोटा आहे, रक्ताची तपासणी संघच आधी बाहेरच्या दवाखान्यात करून घेतो आणि तिचा निकाल खाणावळीत सगळ्यांना दिसेल असा लावतो.

बंदी उठल्यावरची ईवोची पहिली शर्यत मोंतेल्लोच्या टेकडीवर होती. जिंकणारे केव्हाच अंघोळ करून गेले, आणि मग पिवळ्या शिडीवाले एकेक करून आले. ईवो बराच मागं होता. तोंड धुळीनं माखलेलं, पाय थरथरत होते.

"मेलो, बाई," तो म्हणाला. "चौथ्यांदा चढताना वाटलं, उतरून चालत जावं."

"मग गेला का नाहीस?"

"तुम्ही शिव्या दिल्या असत्या."

"दिल्याच असत्या," बाई म्हणाल्या.

जेम्मा मोठं पातेलं घेऊन आली होती. रस्त्याकडेच्या गवतावर पोरांनी फतकल मारली आणि लुचोनं ताटल्या वाटल्या. बाईंनी पायातले बूट काढले, झाडाला टेकून बसल्या आणि समोर चाललेली पोरांची भांडणं, कुणी कुणाला घाटात गाठलं याची, ऐकत राहिल्या. उन्हं उतरायला लागली तरी कुणाला निघायची घाई नव्हती.