साळूबाईची सही

शुभांगीला नवऱ्यानं टाकलं, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. कानिफनाथ दोन वर्षांपूर्वी ट्रक घेऊन जामखेडला गेला आणि तिथंच दुसरीबरोबर संसार मांडून बसला. पण ठाऊक असणं वेगळं अन् कागदावर असणं वेगळं. नगरच्या नोकरदार बायकांच्या वसतिगृहात तिला आणि तीन वर्षांच्या लेकीला खोली मिळत होती, खाली पाळणाघरही होतं. फक्त नवऱ्यानं टाकल्याचा ग्रामपंचायतीचा दाखला हवा होता, तोही सोमवारच्या आत. सध्या ती नागापूरला भाड्यानं राहत होती, त्या खोलीचा मालक तर हल्ली रोजच दाराशी येऊन उभा राहायचा आणि नको तिथं बघायचा.

म्हणून कारखान्यातली पाळी बुडवून, लेकीला काखोटीला मारून ती नेवाशाकडच्या या सासरच्या गावात आली होती. सरपंच बाई होती, तिची चुलत सासू साळूबाई, एवढाच काय तो धीर. अहो, कसली सरपंच अन् कसलं काय! खुर्चीत बसले होते साळूबाईचे यजमान आप्पासाहेब, तंबाखू मळत. शेजारी ग्रामसेवक भाऊसाहेब, मान खाली घालून.

"गळ्यात मंगळसूत्र हाय की," आप्पासाहेब म्हणाले. "मग टाकली कशी म्हनायची?"

"आप्पा, ते घातल्याबिगर तिकडं कुनी खोली देत न्हाई. मोकळा गळा दिसला की मानसं मागं लागत्यात."

"मग काढ. आमच्यासमोर काढ, लगेच दाखला लिवतो. काय भाऊसाहेब?"

दारातल्या दोघा-तिघांनी माना लांबवल्या. शुभांगीला शिसारी आली. पण सोमवार डोक्यावर बसला होता. पदराआड हात घालून तिनं मंगळसूत्र काढलं आणि टेबलावर ठेवलं.

आप्पासाहेब खिडकीतून पचकन थुंकले. "बघितलंत? नवरा जित्ता असताना काढलं! असल्या बाईला कसला दाखला? आमच्या घराण्यात सुना टाकत न्हाईत. सुनाच नांदत न्हाईत."

दारातले फिदीफिदी हसले. मेल्यांना लाज कशी ती नाही! शुभांगीनं टेबलावरचं मंगळसूत्र उचलून मुठीत घेतलं. ती म्हणाली, "न्हाई द्यायचा ना? मग तसं लिहून द्या, कारणासकट. मला अपील करायचंय. कायदाच हाय तसा, विचारा भाऊसाहेबांना. आन् सही सरपंचांची पायजे, माझ्यासमोर."

वसतिगृहातल्या बाईंनी हे तिच्याकडून दोनदा घोकून घेतलं होतं. भाऊसाहेबांचं तोंड उतरलं. तीन वर्षं साळूबाईच्या सह्या आप्पासाहेबच ठोकत आले होते. नाइलाजानं आप्पासाहेबांनी बायकोला बोलावणं धाडलं आणि भाऊसाहेबांना सांगून नकाराचा कागद लिहवून घेतला.

साळूबाई पिठाचे हात पदराला पुसत आली. सातवी शिकलेली बाई. तिनं कागद हातात घेतला आणि ओठ हलवत सावकाश शेवटपर्यंत वाचला. 'अर्जदार महिलेने स्वतःहून मंगळसूत्र काढले असून ती नांदण्यास तयार नाही.' शुभांगी तिच्याकडं बघत राहिली. हिनंच तिचं बाळंतपण केलं होतं. कानिफनाथ गेला तेव्हा हीच तिच्या गळ्यात पडून रडली होती.

"कुठं करायची?" साळूबाईनं नवऱ्याला विचारलं.

त्यांनी बोट ठेवलं. तिनं तिथं सही केली.

"आत्याबाई, वाचलंत ना तुमी?"

"वाचलं."

"खोटं हाय ते."

"व्हय, खोटं हाय." साळूबाईनं वर बघितलं नाही. "मला ह्यांच्याच घरात ऱ्हायचंय, बाई. मला कुठलं वसतिगृह?"

शुभांगीला तिची कीव यायला हवी होती. नाही आली. किळसच आली, त्या खुर्चीतल्या माणसापेक्षाही जास्त, आणि तसं वाटल्याचा रागही आला. तिनं सासूच्या हातातला कागद ओढून घेतला, लेकीला कडेवर सरकवलं आणि तोच कागद भाऊसाहेबांपुढं आपटला.

"शिक्का ऱ्हायलाय," ती म्हणाली. "मारा लवकर. पंचायत समिती बंद व्हायच्या आत मला अपिलाला नेवासा गाठायचाय."